खाकी कव्हरातल्या प्रेमकथा

प्रश्न थोडक्यात असा: "मी रोमान्स आणि रोमँटिक सस्पेन्स भरपूर वाचते. घरात चेष्टा होते. 'त्याच त्या गोष्टी' हे हल्ली मलाही पटायला लागलंय, दहातली सात पुस्तकं अर्ध्यावर सोडते. चांगलं पुस्तक हातात घेतल्या घेतल्या ओळखता येतं का? आणि मी शेवटचं पान आधी वाचते, ही वाईट सवय आहे का? तुम्ही इतकी वर्षं लायब्ररी चालवलीत, आडपडदा न ठेवता सांगा."

सांगते. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून सात-आठ मिनिटांवर, दहा बाय बाराच्या गाळ्यात मी ३१ वर्षं लायब्ररी चालवली. मराठी एका भिंतीला, इंग्रजी समोरच्या भिंतीला, मासिकं दोरीवर. इंग्रजी भिंतीवरचा निम्म्याहून जास्त माल रोमान्स होता आणि गाळ्याचं भाडं त्यावर निघायचं. पुरस्कारवाली पुस्तकं दुकानाची शोभा वाढवायची, विजेचं बिल 'एम अँड बी', म्हणजे 'मिल्स अँड बून'च्या प्रेमकथा, भरायच्या. तेव्हा या पुस्तकांना नावं ठेवायचा हक्क मला आहे आणि त्यांच्या बाजूने भांडायचाही.

आधी एक गंमत. आमच्या बायका मेंबरांची प्रत्येकीची पुस्तकात एक खूण असायची. कुणी पान २७ च्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढायची, कुणी पान ५१ च्या कोपऱ्यात टिंब द्यायची, बँकेतल्या एक बाई उलटा त्रिकोण काढायच्या. खाकी कव्हर घातलं की सगळी पुस्तकं सारखी दिसतात आणि नावंही अशी की एक दुसऱ्यात सहज खपावं. मग पुस्तक घ्यायचं, आपलं पान उघडायचं, खूण असेल तर परत ठेवायचं. मी सुरुवातीला रागवायचे, पुढे सोडून दिलं. पण गोष्टीवरून आठवत नाही म्हणून खुणेवरून आठवायचं, यापेक्षा कडक समीक्षा मी कुठल्या मासिकात वाचलेली नाही. म्हणजे 'त्याच त्या गोष्टी' ही तक्रार खोटी नाही, ताई.

आता उलटी बाजू. काही पुस्तकांत एकाच पानावर तोच त्रिकोण तीनदा सापडायचा. एकाखाली एक. वाचलंय हे माहीत असून बाईंनी मुद्दाम पुन्हा नेलं होतं. अशी पुस्तकं शेकड्यात चार-पाच निघतात आणि मला बोलायचंय ते त्यांच्याबद्दल.

शेवट माहीत असणं हा रोमान्सचा दोष मानायचं काही कारण नाही, तो त्याचा करार आहे. अमेरिकेत १९८० साली रोमान्स लेखिकांची संघटना निघाली, तिच्या व्याख्येत दोनच अटी आहेत: गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. या मोजपट्टीने 'देवदास' रोमान्स नाही. आपण मात्र कुठल्याही प्रेमकथेला रोमान्स म्हणून मोकळे होतो. ही चूक मी एकदा धंद्यात केली आणि महागात पडली. मागच्या कव्हरवर बंदूक आणि चुंबन दोन्ही दिसलं म्हणून एक जाडजूड पुस्तक रोमँटिक सस्पेन्स समजून एका मेंबरला दिलं. शेवटून दुसऱ्या प्रकरणात नायक मरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला बाई दुकानात. लोकल सोडून आल्या होत्या. पुस्तक काउंटरवर आपटलं आणि म्हणाल्या, "रात्री दोनपर्यंत जागवलंत आणि हे? माझं डिपॉझिट द्या परत." दिलं. त्यानंतर नवीन पुस्तक शेल्फवर लावण्याआधी शेवटची वीस पानं मी स्वतः वाचायला लागले.

आणि शेवट ठाऊक असूनही ऐकत बसणं आपल्याला कुठे नवीन आहे? एकनाथांचं 'रुक्मिणी स्वयंवर' घ्या. कृष्ण तिला नेणार हे पोथी उघडायच्या आधीपासून घरातल्या सगळ्यांना ठाऊक. तरी अठरा प्रसंग वाचले जातात, आणि लग्न जमावं म्हणून पोरींना वाचायला बसवतात. नीट पाहिलं तर तो रोमँटिक सस्पेन्सच आहे. भावाने लग्न दुसरीकडे ठरवलंय, मुलीने चोरून पत्र धाडलंय, ब्राह्मण वेळेत पोचेल का, रथ येईल का, भाऊ मागे लागेल त्याचं काय. 'काय होणार' हे ठरलेलं असतं, जीव टांगणीला लागतो तो 'कसं होणार' यावर.

मग चांगलं-वाईट ठरतं कशावर? माझ्या मते मधल्या अडसरावर. दोघं एकमेकांना आवडलेत हे पन्नासाव्या पानापर्यंत कळतं, मग उरलेली पानं ते लांब का राहतात? इथे मी 'कटिंगची कसोटी' लावते. या दोघांना एका टपरीवर बसवलं, दोन कटिंग मागवले आणि दहा मिनिटं खरं बोलायला लावलं, तर गोष्ट संपते का? संपत असेल तर पुस्तक परत ठेवा. नायकाने तिला हॉटेलात कुणाशी तरी हसताना पाहिलं, तो निघून गेला, चार वर्षं बोलला नाही, आणि तो माणूस तिचा सख्खा भाऊ होता. अशी पुस्तकं मी किती वाचली याची गणती नाही. एका फोनचा प्रश्न. त्यासाठी १९० पानं?

खरा अडसर वेगळा असतो. दोघांचं म्हणणं बरोबर असतं आणि तरी जमत नाही. किंवा हो म्हणायचं तर दोघांपैकी एकाला आपल्या स्वभावाची एखादी जुनी गाठ सोडावी लागते. तिथे चहा पिऊन भागत नाही.

'मिल्स अँड बून'बद्दल मला ममत्व आहे आणि त्याचं कारण धंद्याचं आहे. ही कंपनी १९०८ साली लंडनमध्ये जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून यांनी काढली. सुरुवातीला ते सगळंच छापायचे. १९३० च्या दशकात तिकडे गल्लोगल्ली माझ्यासारखी भाड्याने पुस्तकं देणारी दुकानं होती. बायका एकामागून एक प्रेमकथाच नेतात हे कंपनीने हेरलं आणि अशा दुकानांवर नजर ठेवून तपकिरी बांधणीची पुस्तकं काढायला सुरुवात केली. हे वाचलं तेव्हा मी माझ्या खाकी कव्हरांकडे बघून एकटीच हसले होते. १९७१ मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विनने ती कंपनी घेतली. आपल्याकडे त्यांनी रीतसर दुकान मांडलं २००८ साली. माझा माल त्याच्या कितीतरी आधीपासून फोर्टच्या फूटपाथवरून पिशव्या भरभरून यायचा, पन्नास पुस्तकांचा एकच भाव ठरवून.

साधारण १९० पानं, हातात मावेल असा आकार, मोठी इंग्रजी नाही. डोंबिवली ते व्हीटी जाऊन-येऊन अडीच तास, सीट मिळाली तर तीन दिवसांत पुस्तक पुरं. कित्येक मेंबर बायकांचं इंग्रजी यावर सुधारलं, हे त्यांनीच मला सांगितलंय.

पण ममत्व असलं तरी त्यातला बराच माल कंटाळवाणा होता. साठ-सत्तरच्या दशकांतली पुस्तकं घ्या. नायक गर्भश्रीमंत, ग्रीक नाहीतर स्पॅनिश, वय ३५, कायम रागावलेला. नायिका १९ वर्षांची, नोकरी नर्सची नाहीतर सेक्रेटरीची. तो तिचं मनगट धरतो. मनगट धरण्याचं या पुस्तकांना इतकं वेड, की तिच्या हातावर वळ उठतात आणि आपण ते प्रेम समजायचं. त्या काळी मलाही ते खटकत नव्हतं, हे कबूल करते. चाळिशीनंतर खटकायला लागलं. आता तर मनगट दिसलं की पुस्तक मिटते.

कॅथलीन वुडिविसची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' १९७२ साली आली आणि तिने अमेरिकेतल्या ऐतिहासिक रोमान्सचं रूपच बदललं: जाड पुस्तक, बेडरूमचं दार उघडं, आणि थेट पेपरबॅकमध्ये. इतिहास म्हणून महत्त्वाची. पण नायक सुरुवातीलाच नायिकेवर जबरदस्ती करतो आणि पुढची चारशे पानं आपण त्यांच्या संसाराची वाट बघायची. नावाजलेली आहे म्हणून मी ती एकदा वाचली, पुन्हा उघडली नाही आणि कुणाला सुचवणारही नाही.

तुम्हाला वाटेल हे सगळं जुनं झालं. मोबाईलवर मराठीत ज्या क्रमशः कथा चालतात त्या उघडून बघा. ग्रीक जहाजवाल्याच्या जागी पुण्याचा 'सीईओ' आलाय, करारावरचं लग्न, सासूचं कपट आणि दर भागाच्या शेवटी दार वाजतं. मनगट तेच. दीडशे भाग झाले तरी दोघांनी कटिंग घेतलेला नसतो, कारण घेतला तर उद्याचा भाग कोण उघडणार? यातही लिहिणाऱ्या काही मुली झकास आहेत. स्वयंपाकघरातले संवाद असे लिहितात की भांड्यांचा आवाज यावा. भाग वाढवण्याच्या नादात त्यांची वाट लागते याचं वाईट वाटतं.

नायकाबद्दल बोलायचं तर जॉर्जेट हेयरशिवाय पुढे जाता येत नाही. १९२१ मध्ये पहिली कादंबरी आली तेव्हा बाई विशीच्या आसपास होत्या आणि पुढे रीजन्सी काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, इंग्लंडवर त्यांनी जे लिहिलं त्यावर अख्खा एक प्रकार उभा राहिला. माझी आवडती 'कॉटिलियन', १९५३ ची. त्यात एक देखणा, बेफिकीर, 'असाच नायक हवा' वाटणारा माणूस आहे. आणि एक फ्रेडी आहे. कपड्यांचा शौकीन, बुद्धीने बेताचा वाटणारा, पण कुणाशी कसं वागावं आणि वेळेला काय करावं हे नेमकं कळणारा. नायिका किटी कुणाकडे वळते ते सांगत नाही, अंदाज येईलच. आपल्या घरातल्या लग्नकार्यात कुठल्या माणसाच्या जिवावर मांडव उभा राहतो ते आठवा, तो फ्रेडी. पण हेयरबाईंचं सगळं मला चालतं असं समजू नका. 'द ग्रँड सोफी'त एका ज्यू सावकाराचं चित्रण आहे, ते वाचताना लाज वाटते. १९५० साली, युरोपात ज्यूंचं जे झालं ते जगजाहीर झाल्यावर, बाईंनी ते लिहिलं. काळाच्या नावावर ढकलून देणं मला जमत नाही. एरवी पुस्तक धमाल आहे आणि म्हणूनच ती पानं जास्त टोचतात.

आता रोमँटिक सस्पेन्स. इथे माझी कसोटी वेगळी. दोन धागे असतात, प्रेमाचा आणि भीतीचा. पुस्तकातून भीतीचा धागा ओढून काढला आणि प्रेमकथा जशीच्या तशी उभी राहिली, तर ते रोमँटिक सस्पेन्स नाही, प्रेमकथेवर लावलेला चोर आहे. उलटंही तसंच. दोन्ही धाग्यांची एकच गाठ हवी. ज्या माणसावर जीव जडलाय त्याच्यावरच संशय, किंवा ज्याच्यावर विसंबल्याशिवाय वाचणार नाही त्याच्यावर विसंबायची भीती. बहुतेक आधुनिक पुस्तकांत ही गाठ नसते. मागे खुनी फिरतोय, दोघं जंगलातल्या लाकडी घरात लपलेत, दारापाशी पावलं वाजतात, आणि हे काय करतायत? अहो, आधी कडी लावा.

दुसरा राग खुन्याच्या प्रकरणांवर. तिरक्या अक्षरांत, दर पन्नास पानांनी, 'तो अंधारातून तिच्याकडे बघत होता' छाप. त्याचं दुःखी बालपण, त्याच्या डोक्यातले आवाज. शंभरात नव्वद वेळा ही प्रकरणं वगळून वाचलं तरी काही बिघडत नाही. मी वगळते. तुम्हीही बिनधास्त वगळा.

'रिबेका'चं नाव या यादीत सगळे आधी घेतात. डॅफ्नी द्यू मोरिए, १९३८. आपल्या पिढीने ती पुस्तकाआधी 'कोहरा' या हिंदी सिनेमात पाहिली, १९६४ चा, वहीदा रहमान आणि विश्वजीत, आणि त्या भयाण वाड्याची कारभारीण ललिता पवार. ललिताबाईंनी नुसतं पडद्याआडून बघितलं तरी अंगावर काटा यायचा. पुस्तक थोर आहे, पण रोमान्स म्हणून वाचू नका. शेवट सांगतेय, इतक्या वर्षांनी तेवढी मुभा असावी. नवऱ्याने पहिल्या बायकोला गोळी घातली हे कळल्यावर नायिकेला पहिल्यांदा वाटतं काय, तर सुटका, की त्याचं तिच्यावर प्रेम नव्हतं! ही मत्सराची गोष्ट आहे, आणि लेखिकाही ती तशीच मानायची. हिचकॉकने १९४० मध्ये सिनेमा काढला तेव्हा अमेरिकेच्या सेन्सॉर नियमांमुळे खुनाचा अपघात करावा लागला. त्यामुळे सिनेमातला नवरा जरा सुसह्य झाला आणि गोष्टीची नांगी गेली.

पण तुम्ही मला एकच पुस्तक विचारलंत तर मी मेरी स्ट्यूअर्टचं 'नाइन कोचेस वेटिंग' काढून देईन. १९५८ चं. तीन त्रिकोणांचं पुस्तक ते हेच.

लिंडा मार्टिन ही अनाथ मुलगी इंग्लंडहून फ्रान्सच्या डोंगराळ भागातल्या एका मोठ्या गढीत नऊ वर्षांच्या फिलिपची शिक्षिका म्हणून जाते. ती अर्धी फ्रेंच आहे, भाषा उत्तम येते. पण त्या घराला इंग्रज शिक्षिका हवीय म्हणून ती फ्रेंच येत नसल्याचं सोंग करते. बघा, पहिल्याच प्रकरणात बाईंनी काय साधलंय! नायिकेकडे एक खोटं आहे, त्यामुळे तिला पकडलं जायची भीती आहे, आणि तिच्यासमोर लोक जे बोलायला नको ते बोलणार आहेत. फिलिप त्या जहागिरीचा वारस. त्याचा काका चाकाच्या खुर्चीत बसून सगळा कारभार हाकतो. काकाचा मुलगा राउल, देखणा, वेगात गाडी हाकणारा, लिंडाचा जीव त्याच्यावर जडतो. आणि त्या पोराला हळूहळू 'अपघात' व्हायला लागतात.

इथे गाठ कशी बसलीय बघा. पोरगा मेला तर फायदा कुणाचा? काकाचा, आणि काकाच्या मागून राउलचा. राउल यात सामील आहे की नाही हे लिंडाला कळायला मार्ग नाही. मन म्हणतं नाही. पण पैज नऊ वर्षांच्या पोराच्या जिवाची आहे. एका रात्री ती पोराला उठवते, कपडे चढवते आणि राउलला न कळवता गढीतून निघून जाते. प्रेम आहे, विश्वास ठेवावासा वाटतोय, तरी ती ठेवत नाही, कारण चूक झाली तर किंमत ती नाही, पोरगा मोजणार. पुढे राउलला याचा जाब ती कसा देते ते वाचताना मी दर वेळी दोन पानं मागे जाते. माफी मागत नाही हो ती. तिने बरोबर केलं हे तिलाही कळतं आणि त्यालाही, आणि तरी ते दुखतं. इथे कटिंग पिऊन मिटणारं काहीच नाही. या पुस्तकातून भीती काढा, प्रेम कोसळतं. प्रेम काढा, उरते नुसती पळापळ.

यात तक्रारीला जागा आहे. राउल फार कमी वेळ समोर येतो आणि लिंडा त्याच्या प्रेमात जरा घाईने पडते. एका चांगल्या मेंबरने मला सुनावलं होतं, "तुमच्या राउलपेक्षा तो जंगलखात्यातला इंग्रज बरा होता." कबूल. लग्नाला तोच बरा.

नंतरच्यांपैकी लिंडा हॉवर्डची 'मिस्टर परफेक्ट', सन २००० ची, एकदा वाचण्यासारखी. ऑफिसातल्या चार मैत्रिणी गंमत म्हणून आदर्श पुरुषाच्या गुणांची यादी करतात, ती बाहेर फुटते, गाजते, आणि कुणीतरी त्यांना मारायला लागतं. यादीतूनच खून निघतो, म्हणजे गाठ आहे. शेजारी राहणारा पोलीस आणि नायिका यांची भांडणं इतकी मजेशीर की लोकलमध्ये मोठ्याने हसून बायका माझ्या नावाने बोटं मोडायच्या. पण खुनी कोण आणि का, हे कळलं तेव्हा माझा हिरमोड झाला. पहिली दोनशे पानं सोन्याची, शेवट पितळेचा.

नोरा रॉबर्ट्सने १९९५ पासून जे. डी. रॉब या नावाने चालवलेली मालिका मात्र मी अजून वाचते. २०५८ सालातलं न्यूयॉर्क, ईव्ह डॅलस ही पोलीस अधिकारी आणि तिचा अब्जाधीश रोर्क. पहिल्या पुस्तकात तोच संशयित, तिसऱ्याच्या शेवटी लग्न. मी म्हटलं, संपलं. पुढे पन्नासच्या वर पुस्तकं निघाली. बाईंनी ओळखलं की लग्नानंतरही दोन जुन्या जखमांची माणसं एका घरात राहायला शिकतात, हाच लांब चालणारा सस्पेन्स आहे. खून दर वेळी नवा, भांडण मात्र आपल्या घरातलं. सुरुवातीची दहाबारा वाचा. नंतरच्यांत तोचतोपणा आहेच, रोर्कचे पैसे मोजून मला कंटाळा आलाय.

मराठीचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण माझी दुसरी भिंत रागवेल. ना. सी. फडक्यांनी १९३१ मध्ये 'प्रतिभासाधन' लिहून कादंबरीच्या तंत्राचे धडे दिले आणि स्वतः ते पाळले. गाठ मारणं आणि सोडवणं त्यांच्याइतकं सफाईदार कुणाला जमलं नाही. पण त्यांच्या नायिकांना पोटापाण्याची काळजी नसते, माझ्या लोकलवाल्या बायकांना त्या परक्या वाटायच्या. बाबा कदम कोल्हापूरचे, पोलीस प्रॉसिक्यूटर होते, त्यामुळे त्यांच्या गोष्टींतलं कोर्ट आणि पोलीस ठाणं बनावट वाटत नाही. प्रेम आणि गुन्हा एका ताटात वाढायची हातोटी त्यांना होती.

आणि चंद्रकांत काकोडकर. त्यांची पुस्तकं मी तीन-तीनदा बाइंडरकडे पाठवली आहेत. पुरुष मेंबर ती वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे, बायका सरळ पर्समध्ये टाकायच्या. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' आली, त्यावर अश्लीलतेचा खटला झाला, हायकोर्टाने २५ रुपये दंड केला आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवून त्यांना निर्दोष सोडलं. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वरून निघालेला 'दो रास्ते' थिएटरांत गर्दी खेचत होता. 'श्यामा' आज वाचली तर चाळवलं जाण्यासारखं काही सापडत नाही. मला सापडली ती निशिकांत नावाच्या एका कवी-मास्तराची आत्मकौतुकाची गोष्ट, तीन बायका आणि तिघींच्या दुःखाचा हिशेब त्याच्याच वहीत. कोर्टाने सोडलं ते बरोबरच केलं. मी मात्र त्या निशिकांतला माझ्या लायब्ररीचं मेंबर केलं नसतं.

घरातल्या चेष्टेबद्दल. जॅनिस रॅडवे नावाच्या अभ्यासक बाईंनी १९८४ मध्ये एक पुस्तक लिहिलं. अमेरिकेतल्या एका गावात रोमान्स वाचणाऱ्या बायकांशी त्या बोलत बसल्या. पुस्तकाच्या दुकानातली एक बाई त्यांना कुठलं घ्यावं हे सुचवायची, म्हणजे माझी तिकडची सहव्यवसायी. त्या बायकांनी सांगितलं ते माझ्या काउंटरवर मी हजारदा ऐकलंय. पुस्तकात काय आहे यापेक्षा पुस्तक उघडलंय हेच घरातल्यांना कळायला हवं: आत्ता मी कुणाची नाही. तुमच्या घरातले हसतात ते प्रेमकथेला की तुम्ही अर्धा तास हाकेला ओ देत नाही त्याला, हे एकदा तपासा. क्रिकेटची जुनी मॅच तिसऱ्यांदा बघणाऱ्याला निकाल ठाऊक नसतो का?

पुस्तक हातात घेतल्या घेतल्या ओळखायचं कसं? मागचं कव्हर वाचू नका, ते विकणारा लिहितो. पहिलं पानही नको, त्यावर सगळेच घाम गाळतात. साधारण पाऊण पुस्तक उघडा आणि उभ्याने दोन पानं वाचा. तिथे नायिका काहीतरी करतेय की तिला काहीतरी होतंय? तिच्या तोंडी एखादं वाक्य आहे का, जे ऐकून समोरच्याला गप्प बसावं लागेल? नोकरी आहे असं सांगितलं असेल तर ती कामावर दिसते का? मी एक नायिका वाचलीय, बालरोगतज्ज्ञ, अख्ख्या पुस्तकात एकाही पोराचा ताप तिने पाहिला नाही. जुनं लायब्ररीचं पुस्तक असेल तर अजून सोपं: टेबलावर कण्यावर उभं धरा आणि सोडा. आपोआप कुठे उघडतंय बघा. बेडरूमच्या एकाच पानावर उघडलं तर बाकीचं कुणी वाचलेलं नाही. चार ठिकाणी उघडलं तर घेऊन जा.

आणि शेवटचं पान. आधी वाचा, खुशाल वाचा. रॅडवेबाईंना भेटलेल्या बायकांतही काही शेवट आधी बघून घेत. माझ्या पुस्तकांची पहिली आणि शेवटची चार पानं सारखीच मळलेली असायची, मधली कोरी. दिवसभर ज्या गोष्टींचा शेवट आपल्या हातात नाही त्या निभावून रात्री साडेदहाला बसलेल्या बाईने एवढी खात्री करून घेतली तर त्यात चोरी कसली? माझ्याकडे एक गृहस्थ आजारी बायकोसाठी पुस्तकं न्यायचे. लेखिका कोण, प्रकार कुठला, काही नाही, दर शनिवारी एकच प्रश्न: "शेवट नीट आहे ना?" मी पान उघडून दाखवायची, ते चष्मा लावून वाचायचे, मान हलवायचे आणि पिशवीत टाकायचे.

'नाइन कोचेस'चं तेवढं वाचू नका. वाचलंत तर मला सांगू नका.